‘एएनए पॉझिटिव्ह’ आलं म्हणजे नेमकं काय? लिव्हरच्या जुनाट आजारात शरीरच शरीरावर उलटतं तेव्हा…

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्याला लागूनच गोरखी आहे. शिंद्यांचं देवघर इथंच. दौलतराव शिंद्यांची छावणी पडली म्हणून या भागाला ‘लष्कर’ नाव मिळालं आणि त्या छावणीबरोबर आलेली मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या इथलीच झाली. घरात मराठी, दारात हिंदी आणि दवाखान्याच्या कागदावर इंग्रजी. निपाणी, बिदर, बऱ्हाणपूर, आदिलाबाद इथल्या मराठी घरांनाही हा अनुभव नवा नाही.

अशाच एका घरातलं उदाहरण घेऊ. उदाहरण कल्पित आहे, पण त्यातली प्रत्येक अडचण खरी आहे. बावन्न वर्षांच्या एक काकू. आठ वर्षांपासून थायरॉईडची गोळी चालू. वर्षभरापासून सारखा थकवा, सांधे दुखतात, जेवण जात नाही. तपासणीत एसजीपीटी १८० आलं. सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ लिहून आलं. कावीळ ब आणि क दोन्ही नाहीत. मग डॉक्टरांनी आणखी रक्त तपासायला सांगितलं आणि रिपोर्ट आला: एएनए पॉझिटिव्ह, १:३२०. एएसएमए पॉझिटिव्ह.

तिथून घरात मतं सुरू झाली. बेळगावचा भाऊ फोनवर म्हणाला, “ताई, एएनए म्हणजे ल्युपस. मी इंटरनेटवर बघितलं.” शेजारच्या भाभी म्हणाल्या, “इम्युनिटी कम है, गिलोय पिओ.” पुण्याची लेक म्हणाली, “आई, फॅटी लिव्हर सगळ्यांनाच असतं. वजन कमी कर, बाकी काही नाही.”

तिघांनी मनापासून सांगितलं, पण तिघांचंही चुकलं. नेमकं कुठं चुकलं, ते समजून घेऊ.

ऑटोअँटीबॉडी म्हणजे काय?

बाहेरून जंतू आला की आपलं शरीर त्याला ओळखून धरणारी प्रथिनं तयार करतं. त्यांना अँटीबॉडी, म्हणजे प्रतिपिंडं म्हणतात. कधी कधी ही यंत्रणा आपलं-परकं ओळखण्यात चुकते आणि आपल्याच पेशींच्या भागांविरुद्ध प्रतिपिंडं बनवते. त्या ऑटोअँटीबॉडी. ‘ऑटो’ म्हणजे स्वतः.

लिव्हरच्या बाबतीत मुख्यतः चार-पाच नावं कागदावर दिसतात.

एएनए पेशीच्या केंद्रकाविरुद्ध असते. एएसएमए गुळगुळीत स्नायूंमधल्या प्रथिनाविरुद्ध असते. एलकेएम-१ नावातच लिव्हर आणि किडनी आहे; ती मोठ्यांपेक्षा लहान मुलांमध्ये जास्त सापडते. एसएलए कमी जणांत सापडते, पण सापडली तर तिला फार वजन आहे. आणि एएमए पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाविरुद्ध असते; तिचं बोट बहुतेक वेळा पित्तनलिकांच्या आजाराकडे असतं.

इथं एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची. या प्रतिपिंडांपैकी बहुतेक लिव्हरचं नुकसान स्वतः करत नाहीत. नुकसान मुख्यतः रोगप्रतिकारक पेशी करतात. प्रतिपिंडं ही साक्षीदार आहेत. साक्षीदार महत्त्वाचा असतो, पण एकट्या साक्षीदारावर निकाल लागत नाही.

१:३२० या आकड्याचा अर्थ

ताकात पाणी घालत गेलं की चव पातळ होत जाते. चांगलं आंबट ताक असेल तर बरंच पाणी घालूनही चव कळते. लॅबमध्ये साधारण हेच करतात. रक्तातला द्रव ४० पट, ८० पट, १६० पट, ३२० पट असा पातळ करत जातात आणि सूक्ष्मदर्शकाखाली कुठपर्यंत चमक दिसते ते बघतात. १:३२० म्हणजे ३२० पट पातळ करूनही प्रतिपिंड दिसलं. आकडा जितका मोठा, तितकं प्रतिपिंड जास्त.

पण मोठा आकडा म्हणजे मोठा आजार, असं गणित नाही. १९९७ साली अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून निरोगी माणसांचं रक्त तपासलं होतं. त्यात १:४० ला सुमारे ३२ टक्के, १:८० ला १३ टक्के, १:१६० ला ५ टक्के आणि १:३२० ला साधारण ३ टक्के निरोगी लोक ‘पॉझिटिव्ह’ निघाले. म्हणजे धडधाकट शंभर माणसं रांगेत उभी केली तर त्यातल्या तिसेक जणांना कमी पातळीवर एएनए सापडेल. वय वाढलं की हे प्रमाण आणखी वाढतं.

लिव्हरचा दुसरा कुठलाही जुनाट आजार असेल तरी ही प्रतिपिंडं दिसू शकतात. फॅटी लिव्हरच्या रुग्णांत साधारण पाचातल्या एकाला एएनए किंवा एएसएमए सापडते. हेपॅटायटिस सी मध्ये, दारूमुळे खराब झालेल्या लिव्हरमध्ये, काही औषधांनंतरही ती दिसतात. उलटही होतं. ऑटोइम्यून हेपॅटायटिस असूनही काही रुग्णांत सुरुवातीला एकही प्रतिपिंड सापडत नाही. म्हणून ‘पॉझिटिव्ह’ बघून हातपाय गाळायचे नाहीत आणि ‘निगेटिव्ह’ बघून निर्धास्तही व्हायचं नाही.

सीमाभागातल्या लोकांसाठी आणखी एक बाब. बिदरचा माणूस तपासणी हैदराबादला करतो, बऱ्हाणपूरचा इंदूरला किंवा जळगावला, बेळगावचा पुण्याला, ग्वाल्हेरचा दिल्लीला. प्रत्येक लॅबची पद्धत एक नसते. कुठे चमक बघून तपासतात, कुठे यंत्रावर नुसता आकडा येतो. दोन गावांचे दोन रिपोर्ट शेजारी ठेवून ‘वाढलं’, ‘कमी झालं’ असं घरी ठरवू नका. शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासा आणि कुठल्या पद्धतीनं केलं ते कागदावर आहे का बघा.

भाऊ ‘ल्युपस’ का म्हणाला?

त्यामागे जुना घोळ आहे. १९५० मध्ये स्वीडनचे डॉ. यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी तरुण स्त्रियांमधल्या एका वेगळ्या, चिवट हेपॅटायटिसचं वर्णन केलं. पुढे १९५५ मध्ये मेलबर्नमध्ये अशा रुग्णांच्या रक्तात ल्युपसमध्ये सापडणाऱ्या खास पेशी दिसल्या. म्हणून १९५६ मध्ये इयन मकाय आणि सहकाऱ्यांनी त्याला ‘लुपॉइड हेपॅटायटिस’, म्हणजे ल्युपससारखा हेपॅटायटिस असं नाव दिलं. नंतर कळलं की हा आजार वेगळा आहे, नुसतं साम्य आहे. १९६५ मध्ये ‘ऑटोइम्यून हेपॅटायटिस’ हे नाव पुढे आलं.

त्याच वर्षी लंडनमध्ये डेबोरा डोनिआक, शीला शेरलॉक आणि सहकाऱ्यांनी पित्तनलिकांच्या आजारात एएमए हे प्रतिपिंड दाखवून दिलं. आजही निदानाचा तो मोठा आधार आहे.

तेव्हा एएनए ल्युपसमध्ये असते, हे खरं. पण एएनए आली म्हणजे ल्युपसच, हे खोटं.

लिव्हरचे तीन ऑटोइम्यून आजार

पहिला ऑटोइम्यून हेपॅटायटिस. यात हल्ला थेट लिव्हरच्या पेशींवर होतो. एसजीपीटी, एसजीओटी वाढतात. आयजीजी नावाचं प्रथिन वाढतं. बायकांमध्ये हे प्रमाण पुरुषांच्या तीन-चार पट, पण पुरुषांना होत नाही असं नाही. लहान मुलांपासून सत्तरीपर्यंत कुणालाही होऊ शकतो.

दुसरा पीबीसी. यात लिव्हरच्या आतल्या बारीक पित्तनलिकांवर हल्ला होतो. रुग्ण बहुतेक मध्यमवयीन बायका. अंगाला खाज सुटते, विशेषतः रात्री, आणि अंगावर पुरळ काहीच नसतं. थकवा असतो. रक्तात अल्कलाइन फॉस्फेटेज वाढतं आणि शंभरातल्या सुमारे ९५ जणांत एएमए सापडते. पूर्वी या नावात ‘सिरोसिस’ हा शब्द होता. लवकर सापडलेल्या अनेकांना सिरोसिस नसतोच, आणि ‘सिरोसिस म्हणजे दारू’ असा समज असल्यानं कधी दारूचा थेंब न घेतलेल्या बायकांना नाहक बोल लागत. म्हणून २०१५ मध्ये नाव बदलून ‘कोलॅन्जायटिस’ केलं.

तिसरा पीएससी. यात मोठ्या पित्तनलिका जागोजागी आवळतात. तो पुरुषांमध्ये जास्त आणि अनेकांना त्याच्याबरोबर मोठ्या आतड्याची सूज, अल्सरेटिव्ह कोलायटिस, असते. याला भरवशाचं प्रतिपिंड नाही. एमआरसीपी या स्कॅनमध्ये नलिका दिसतात.

एकात एक मिसळलेले आजार

आता मूळ मुद्दा. हे आजार नेहमी एकेकटे येत नाहीत.

एक मिसळ लिव्हरच्या आतच होते. ऑटोइम्यून हेपॅटायटिस आणि पीबीसी दोन्हींची लक्षणं एकाच रुग्णात सापडतात. याला ‘ओव्हरलॅप’ म्हणतात. अशा शंभर रुग्णांत साधारण आठ-दहा जणांचं हे चित्र असतं. १९९८ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी त्यासाठी निकष मांडले: दोन्ही आजारांच्या तीन-तीन खुणांपैकी किमान दोन-दोन हव्यात. फक्त एएनए आणि एएमए दोन्ही पॉझिटिव्ह आल्या म्हणून ओव्हरलॅप ठरत नाही. हा फरक कळणं गरजेचं आहे, कारण औषध बदलतं. नुसत्या पीबीसीला अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाची गोळी, वजनाच्या दर किलोला १३ ते १५ मिलिग्रॅम या हिशेबानं. हेपॅटायटिसला स्टिरॉईड. दोन्ही असतील तर बऱ्याचदा दोन्ही. चुकीच्या बाजूला गेलं तर एक तर उगाच स्टिरॉईड पोटात जातं, नाहीतर गरज असून मिळत नाही.

दुसरी मिसळ लिव्हरच्या बाहेर होते. प्रतिकारशक्ती एका ठिकाणी चुकली की दुसऱ्या ठिकाणीही चुकण्याची शक्यता वाढते. सर्वांत जास्त दिसतो तो थायरॉईड. त्याखेरीज संधिवात, टाइप-१ मधुमेह, अंगावर पांढरे डाग म्हणजे कोड, तोंड आणि डोळे सतत कोरडे पडणारा श्योग्रेन, कधी खरोखरचा ल्युपस, आणि सीलिॲक.

काकूंची थायरॉईडची गोळी म्हणूनच महत्त्वाची ठरते. आठ वर्षं ती गोळी ‘वेगळा आजार’ म्हणून चालू होती. लिव्हरच्या डॉक्टरांना कुणी सांगितलंच नाही, कारण त्यांनी विचारलं तेव्हा घरचे म्हणाले, “लिव्हरचं काही औषध चालू नाही.” दवाखान्यात जाताना ‘लिव्हरची गोळी’, ‘थायरॉईडची गोळी’ अशी वाटणी करू नका. सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या.

पोळी आणि लिव्हर यांचा काय संबंध?

ग्वाल्हेरात सकाळी बेडई-कचोरी, दुपारी पोळी, रात्री पुन्हा पोळी. कोल्हापूर-सोलापूरकडे ज्वारीची भाकरी, कोकण-गोव्यात भात. सीलिॲक या आजारात हा फरक पडतो. गहू आणि जवातल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तरावर ऑटोइम्यून हल्ला होतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत सीलिॲकची प्रतिपिंडं उत्तर भारतात सुमारे १.२ टक्के लोकांत सापडली, तर दक्षिणेत जेमतेम ०.१ टक्के. गव्हाचं खाणं उत्तरेत जास्त, हे त्यामागचं एक ठळक कारण.

सीलिॲकमध्ये पोट बिघडतंच असं नाही. काहींमध्ये फक्त रक्त कमी होतं, हाडं ठिसूळ होतात, आणि काहींमध्ये नुसतं एसजीपीटी वाढलेलं राहतं. अशा रुग्णांत गहू बंद केला की लिव्हरचे आकडे महिन्यांत जागेवर येतात. ऑटोइम्यून लिव्हर आजाराबरोबरही सीलिॲक सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त सापडतो. म्हणून टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी करायला सांगतात.

मात्र एक चूक टाळा. तपासणीआधीच स्वतःहून पोळी बंद करू नका. गहू बंद केला की हे प्रतिपिंड रक्तातून कमी होत जातं आणि खरा आजारही ‘निगेटिव्ह’ दिसतो. आधी तपासणी, मग पथ्य. आणि सीलिॲक नसेल तर फक्त लिव्हरसाठी गहू सोडण्याची गरज नाही.

गिलोय, गुळवेल, अमृतबळ्ळी: नावं अनेक, वेल एक

आता भाभींच्या सल्ल्याकडे येऊ. मराठीत गुळवेल, हिंदीत गिलोय, कन्नडमध्ये अमृतबळ्ळी, तेलुगूत तिप्पतीगा, गुजरातीत गळो. कडुनिंबावर चढलेली तर फारच गुणकारी, असं उत्तरेत घरोघरी मानतात. कोविडच्या काळात तर काढ्याची पातेली चुलीवर चढलेलीच असायची.

मुंबईत काय दिसलं? सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत यकृततज्ज्ञ डॉ. आभा नागराळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा रुग्ण बघितले. सहाही जण गुळवेल घेत होते आणि सहाही जणांच्या लिव्हरला इजा झाली होती. त्यांचा लेख २०२१ मध्ये ‘जर्नल ऑफ क्लिनिकल अँड एक्स्पेरिमेंटल हेपॅटॉलॉजी’त आला. चित्र ऑटोइम्यून हेपॅटायटिससारखं होतं. लेखकांचं म्हणणं असं की गुळवेल एक तर तसा आजार निर्माण करत असावी, किंवा आतमध्ये दबून असलेला ऑटोइम्यून आजार उघडा पाडत असावी.

आयुष मंत्रालयानं जुलै २०२१ मध्ये यावर हरकत घेतली. गुळवेलीमुळे लिव्हर खराब होतं असं म्हणणं दिशाभूल करणारं आहे, त्या रुग्णांनी घेतलेली वनस्पती नक्की कुठली याची खात्री केलेली नाही, तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेली असतात, असं मंत्रालयाचं म्हणणं होतं. त्यानंतर २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांच्या डॉक्टरांनी ४३ रुग्णांची माहिती एकत्र करून प्रसिद्ध केली. त्यात गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा मध्य काळ ४६ दिवसांचा होता. अनेकांना आधीपासून लिव्हरचा जुनाट आजार होता आणि तो अचानक बळावला. सर्वांत जास्त सापडलेलं प्रतिपिंड होतं एएनए.

लाखो लोकांनी गुळवेल घेतली आणि बहुतेकांना काही झालं नाही, हेही खरं. पण ज्याची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःवर उलटली आहे, त्यानं ती आणखी चेतवायची कशाला? काकूंची ‘इम्युनिटी कम’ नाही. चुकीच्या दिशेनं जास्त चालते आहे. थायरॉईड, संधिवात, कोड किंवा लिव्हरचा कुठलाही जुना आजार असणाऱ्यांनी ‘इम्युनिटी वाढवणारं’ काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मग ते घरच्या वेलीचं असो, दुकानातल्या बाटलीतलं असो की परदेशातून आलेल्या डब्यातलं.

हा नियम फक्त जडीबुटीला नाही. लघवीच्या संसर्गासाठी दिलं जाणारं नायट्रोफ्युरँटॉइन आणि मुरुमांसाठीचं मिनोसायक्लिन ही अलोपॅथीची औषधंही काही जणांत अगदी असाच ऑटोइम्यून चेहऱ्याचा हेपॅटायटिस करतात. म्हणून डॉक्टरांनी “आणखी काय घेता?” असं विचारलं की काढा, चूर्ण, मेडिकलवाल्याकडून परस्पर आणलेली गोळी, सगळं सांगायचं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मग निदान कसं ठरतं?

२००८ मध्ये ऑटोइम्यून हेपॅटायटिससाठी सोपे निकष आले. चार गोष्टी बघतात: प्रतिपिंडं, आयजीजी, लिव्हरच्या तुकड्याची तपासणी आणि विषाणूजन्य हेपॅटायटिस नसणं. प्रत्येकाला जास्तीत जास्त दोन गुण. सहा झाले तर आजार असण्याची दाट शक्यता, सात किंवा जास्त झाले तर निश्चित. हिशेब करा: प्रतिपिंडांचे जास्तीत जास्त दोनच गुण. म्हणजे प्रतिपिंडाचा रिपोर्ट कितीही जोरदार आला तरी तेवढ्यानं निदान होत नाही.

बायोप्सीला लोक घाबरतात. बरगड्यांच्या मधून बारीक सुई घालून लिव्हरचा सुतासारखा तुकडा काढतात. जागा बधिर केलेली असते, आणि नंतर काही तास पडून राहावं लागतं. रक्तस्रावाचा थोडा धोका असतो, म्हणून आधी रक्त गोठण्याची तपासणी करतात. पण हा तुकडा जे सांगतो ते दुसरं काहीच सांगत नाही. काकूंच्या बाबतीत लेक म्हणाली तसा हा नुसता फॅटी लिव्हर आहे, की त्याच्या आडून ऑटोइम्यून हेपॅटायटिस लिव्हर पोखरतो आहे, हे बायोप्सीनंच कळेल. दोन्ही एकत्रही असू शकतात.

तरुण मुला-मुलींत आणखी एक तपासणी विसरायची नसते: विल्सन आजाराची. त्यात लिव्हरमध्ये तांबं साठतं. वरून चित्र सारखंच, उपचार मात्र पूर्ण वेगळा.

उपचार आहे, पण धीर लागतो

ऑटोइम्यून हेपॅटायटिस संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवून, एका घरात राहून तो पसरत नाही. आईला आहे म्हणून मुलीला होणारच, असंही नाही; काही जनुकांमुळे शक्यता थोडी वाढते इतकंच.

उपचाराचा पाया दोन औषधांचा: प्रेडनिसोलोन हे स्टिरॉईड आणि अझाथायोप्रिन. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये आणि अमेरिकेत झालेल्या चाचण्यांत दिसलं की गंभीर आजारात स्टिरॉईड मिळालेले रुग्ण जगण्याचं प्रमाण न मिळालेल्यांपेक्षा कितीतरी जास्त होतं. आज दहातल्या आठ-नऊ रुग्णांना या औषधांनी चांगला फरक पडतो. उपचार नाही मिळाला तर मात्र लिव्हर हळूहळू आकसत जातं. मोठ्या वयात आजार सापडलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांत निदान होतं तेव्हाच सिरोसिस झालेला असतो. वेळ किती मोलाची, हे त्यावरून समजावं.

‘स्टिरॉईड’ म्हटलं की घरात धास्ती बसते. तिला आधार आहे: साखर वाढते, वजन वाढतं, चेहरा सुजतो, हाडं ठिसूळ होतात. म्हणूनच डोस हळूहळू उतरवत नेतात आणि अझाथायोप्रिन जोडतात. सोबत कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडांची तपासणी. पण चेहरा सुजला म्हणून किंवा आकडे चांगले आले म्हणून गोळी एकदम स्वतःच बंद करणं सर्वांत धोक्याचं. आजार उसळी मारून परत येतो, शिवाय शरीर स्वतःचं स्टिरॉईड बनवणं विसरलेलं असतं. उपचार बहुधा काही वर्षं चालतो, काहींना कायमचा.

अझाथायोप्रिनबद्दल दोन सूचना. काही लोकांच्या शरीरात हे औषध नीट मोडत नाही आणि पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटतात. यामागचा एनयूडीटी-१५ जनुकाचा बदल युरोपियनांपेक्षा भारतीयांत जास्त आढळतो. त्यामुळे सुरुवातीला रक्ताची तपासणी वरचेवर करतात. ती चुकवू नका. आणि युरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल चालू असेल तर आधी सांगाच. दोन्ही एकत्र घेतली तर अझाथायोप्रिनचा परिणाम अनेक पटींनी वाढतो.

लग्न, गरोदरपण यांवरूनही बऱ्याच मुलींच्या घरी काळजी असते. आजार आटोक्यात असेल तर गरोदरपण शक्य असतं. मात्र आधी डॉक्टरांशी बोलून. मायकोफेनोलेट नावाचं पर्यायी औषध गर्भाला घातक आहे, ते आधीच बदलावं लागतं.

फाइलमध्ये काय असावं?

ग्वाल्हेरात गजराराजा मेडिकल कॉलेज १९४६ पासून आहे. तुमच्या जिल्ह्यात सरकारी रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेज असेलच. सुरुवात तिथूनही होते. पुढे मोठ्या शहरात जायची वेळ आली तर हे कागद बरोबर असू द्या:

- लिव्हरच्या आकड्यांचे सगळे जुने रिपोर्ट, तारखेप्रमाणे लावलेले
- हेपॅटायटिस बी आणि सी चे रिपोर्ट
- एएनए, एएसएमए, एएमए, एलकेएम आणि आयजीजी
- टीएसएच, साखर, टीटीजी-आयजीए
- सोनोग्राफी, आणि बायोप्सी झाली असेल तर नुसता कागद नाही, काचपट्ट्या आणि मेणातला तुकडासुद्धा. दुसऱ्या शहरातले डॉक्टर तो परत बघू शकतात, पुन्हा सुई टोचावी लागत नाही
- गेल्या सहा महिन्यांत घेतलेल्या सगळ्या औषधांची आणि काढ्यांची यादी, सुरू केल्याच्या तारखेसह
- घरात कुणाला थायरॉईड, संधिवात, कोड, टाइप-१ मधुमेह आहे का, याची नोंद

आणि काही लक्षणांना अपॉइंटमेंटची वाट बघायची नसते. डोळे पिवळे होणं, पोटात पाणी भरणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, माणूस असंबद्ध बोलू लागणं किंवा दिवसभर गुंगीत राहणं. तेव्हा थेट इस्पितळ गाठा.

काकूंचं पुढे काय?

उदाहरण पूर्ण करू. काकूंचं आयजीजी वाढलेलं निघालं, एएमए निगेटिव्ह आली, बायोप्सीत ऑटोइम्यून हेपॅटायटिस स्पष्ट दिसला. टीटीजी निगेटिव्ह, म्हणजे पोळी चालू. गिलोय बंद. थायरॉईडची गोळी आता त्याच फाइलमध्ये नोंदलेली. सहा महिन्यांनी एसजीपीटी जागेवर आलं आणि स्टिरॉईडचा डोस उतरला. एएनए मात्र अजूनही पॉझिटिव्ह आहे.

भावानं विचारलं, “ताई, ते एएनए अजून पॉझिटिव्ह कसं?” काकू म्हणाल्या, “असू दे रे. डॉक्टर त्या कागदाचा नाही, माझ्या लिव्हरचा इलाज करतायत.”

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तपासणी आणि औषधं तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानंच.)